अर्धवट चित्रासमोर उभे राहताना

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या नोकरी सांभाळून तैलरंगात काम करतात. जानेवारीत त्यांनी ४ फूट बाय ३ फूट आकाराच्या कॅनव्हासवर ठाणे खाडीचे निसर्गचित्र सुरू केले: ओहोटीची सकाळ, उघडा पडलेला चिखल, मागे कांदळवन आणि मधल्या पट्ट्यात फ्लेमिंगोंचा थवा. आता जुलै उजाडला, पक्षी केव्हाच परत गेले आणि चित्र निम्म्यावर अडकले आहे. रविवारची सकाळ आणि आठवड्यातल्या एक-दोन रात्री एवढाच वेळ त्यांना मिळतो. त्या लिहितात, की कॅनव्हासवरची चादर बाजूला केली की पहिल्याच नजरेत मन खट्टू होते, ब्रश हातात घेऊन अर्धा तास गेला की जरा बरे वाटते, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. घरातले प्रेमाने "झालं का गं चित्र?" असे विचारतात तेव्हा आणखी अवघडल्यासारखे होते. चित्र पुरे होईपर्यंत उमेद टिकवायची कशी, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते, गेली २८ वर्षे तैलरंगात काम करते आणि त्यातली बरीच वर्षे शिकवतेही. या घडीला माझ्याकडे ३ अपुरी चित्रे आहेत आणि त्यांतले सर्वांत जुने २ वर्षांपूर्वी सुरू केलेले आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही रोजच्या जगण्यातला आहे.

ताई, तुम्ही लिहिलेल्या एका वाक्याकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छिते. काम सुरू केल्यावर अर्ध्या तासाने बरे वाटते, असे तुम्ही स्वतःच म्हटले आहे. याचा अर्थ रंगवण्याची तुमची ओढ शाबूत आहे. निराशा येते ती चादर काढल्याच्या क्षणी, म्हणजे हात रिकामा असताना आणि नजर मोकळी असताना. त्या क्षणी तुमचे डोळे समोरच्या कॅनव्हासची तुलना मनातल्या पूर्ण झालेल्या चित्राशी करतात, आणि त्या तुलनेत कोणतेही निम्मे चित्र हरणारच. तेव्हा सहा-आठ महिने पुरेल एवढी उमेद कुठून आणायची, असा प्रश्न विचारण्यापेक्षा ती पहिली दहा-पंधरा मिनिटे कशी पार पाडायची, हा प्रश्न हाताळण्याजोगा आहे आणि त्याला उत्तरेही आहेत.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगते. चित्र कोणाच्या मागणीवरून करत असाल आणि त्याला तारीख असेल, तर पुढचे काही सल्ले आवरते घ्यावे लागतील. तुम्ही ॲक्रिलिकमध्ये किंवा जलरंगात काम करत असतात, तर वाळण्याबद्दलचे सगळे गणित निराळे झाले असते. आणि खट्टूपणा फक्त चित्रापुरता नसेल, झोप, जेवण, माणसांत मिसळणे या सगळ्यांवरच मळभ आले असेल, तर तो चित्रकलेचा प्रश्न राहत नाही आणि अशा वेळी डॉक्टरांशी बोलण्यात जराही संकोच करू नये. तुमच्या लिहिण्यावरून मला तसे वाटले नाही, म्हणून पुढचे लिहिते.

सर्वांत आधी एक अगदी भौतिक कारण तपासा, कारण अनेक जण ज्याला स्वतःची अपात्रता समजतात तो कित्येकदा रंगाचा गुणधर्म असतो. तैलरंग ओला असताना जो दिसतो, तो वाळल्यावर तसाच राहतो असे नाही. खालचा थर शोषून घेणारा असेल, किंवा आपण रंग पातळ करायचे टर्पेंटाइन जास्त वापरले असेल, तर वरच्या रंगातले तेल खाली ओढले जाते आणि तो भाग निस्तेज, खडूसारखा, राखाडी दिसू लागतो. आम्ही त्याला रंग "बसला" किंवा "आत गेला" असे म्हणतो. अंबर, म्हणजे मातकट तपकिरी, आणि काळा हे रंग याबाबतीत सर्वांत वाईट आहेत. तुमच्या चित्राचा खालचा सगळा पट्टा खाडीच्या चिखलाचा आहे, म्हणजे तिथे रॉ अंबर आणि बर्न्ट अंबर भरपूर असणार. रविवारी तुम्ही जो ओला, खोल, चमकणारा चिखल रंगवून झोपायला गेलात, तो बुधवारी रात्री धुळीने माखल्यासारखा दिसतो, आणि तुम्हाला वाटते की रविवारी आपल्याला भास झाला होता.

माझ्या बाबतीत हे कळव्याच्या खाडीच्या एका चित्रात घडले. पुलाखालचा काठ मी तीन बैठकांत रंगवला होता आणि चौथ्या वेळी तो इतका मेलेला दिसला, की मी दीड महिना त्या कॅनव्हासकडे फिरकले नाही. नंतर एका दुपारी, दुसरे काहीच सुचत नव्हते म्हणून, मी वाटीत थोडे जवसाचे तेल आणि तेवढेच टर्पेंटाइन एकत्र केले, जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा त्यात जेमतेम ओला केला आणि काठाच्या डाव्या कोपऱ्यातून हलक्या हाताने फिरवायला सुरुवात केली. फडका जिथून जाई तिथून चिखल परत येत होता. आधी बर्न्ट अंबरचा तांबूस उबदारपणा, मग पाण्याच्या कडेला ठेवलेली निळसर राखाडीची एक रेघ, जी मी पूर्ण विसरून गेले होते, आणि मग खांबाच्या सावलीतला तो गडद हिरवा, जो मिसळायला मला अख्खी सकाळ लागली होती. त्या दीड महिन्यात चित्राला काहीही झालेले नव्हते. ते फक्त वाळले होते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की प्रत्येक बैठकीची सुरुवात चित्राकडे पाहण्याने करू नका, तेल लावण्याने करा. वरचा थर हाताला पूर्ण कोरडा लागत असेल तरच हे करायचे. ज्या भागावर त्या दिवशी काम करणार आहात तेवढ्याच भागावर हे मिश्रण अगदी पातळ पसरा, दहा मिनिटे थांबा आणि कोरड्या फडक्याने जास्तीचे सगळे तेल टिपून घ्या. तेल साचून राहिले तर पुढे ते पिवळे पडते. यात दोन फायदे आहेत. रंग त्यांच्या खऱ्या रूपात दिसतात, त्यामुळे पुढचा रंग अचूक जुळवता येतो; आणि ज्या पंधरा मिनिटांत मन खट्टू व्हायचे त्या पंधरा मिनिटांत हाताला काम मिळते. एक सूचना मात्र कटाक्षाने पाळा. जवसाच्या तेलात भिजलेला फडका चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ते तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते, त्या क्रियेत उष्णता निर्माण होते आणि बोळा झालेला फडका आपोआप पेट घेऊ शकतो. तो दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मगच टाका.

दुसरी तपासणी उजेडाची. तुमच्या आठवड्यातल्या बैठका रात्री होतात आणि रविवारची सकाळी, म्हणजे एकच चित्र तुम्ही दोन वेगवेगळ्या उजेडांत पाहता. पिवळ्या दिव्याखाली पिवळा आणि पांढरा यांतला फरक पुसट होतो आणि निळे मळकट दिसतात. फ्लेमिंगोंचा फिकट गुलाबी हा तर इतका नाजूक रंग आहे, की रात्री बरोबर वाटलेला गुलाबी सकाळी भडक निघतो. हे वारंवार झाले की माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. मी अनेक वर्षांपूर्वी एक साधी विभागणी करून टाकली: रंगाचे निर्णय दिवसा, बाकी सगळे रात्री. रात्री कांदळवनाच्या मुळांचे रेखांकन पक्के करा, पुढच्या रविवारच्या थराची रचना वहीत मांडून ठेवा, वाळलेल्या रंगाच्या नको असलेल्या उंच कडा पॉलिश पेपरने हलक्या घासा, ब्रश धुवा. ही कामे दुय्यम नाहीत. चित्र त्यांनीही पुढे सरकते आणि त्यांत फसगत होण्याची शक्यता फार थोडी असते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आमच्या गल्लीच्या टोकाला आषाढात गणपतीच्या मूर्तींचा कारखाना लागतो. लाकडी फळ्यांच्या तीन-तीन मजली मांडण्या असतात आणि त्यांवर शे-दीडशे मूर्ती कच्च्या अवस्थेत ओळीने बसलेल्या असतात. आधी पांढऱ्या रंगाचा हात, मग अंगाचा रंग, मग सोवळे आणि शेला, मग दागिने, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. चतुर्थीच्या आठ-दहा दिवस आधीपर्यंत त्या सगळ्या मूर्ती बिनडोळ्यांच्या असतात. मी एकदा तिथल्या वयस्कर कारागिरांना विचारले, "दादा, दिवसभर असे कोरे चेहरे समोर असतात, कंटाळा नाही येत?" त्यांनी हातातला ब्रश न थांबवता उत्तर दिले, "ताई, चेहऱ्याकडे बघतंय कोण? आज सोवळ्याचा दिवस आहे. मी काठ सरळ आलाय का तेवढंच बघतो." मी तिथे बराच वेळ उभी राहिले. ते खरोखर तसेच पाहत होते. एक मूर्ती हातात घ्यायची, काठावरून नजर फिरवायची, ठेवायची, दुसरी घ्यायची.

तुमच्या चित्रालाही अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीचा स्वतःचा एकच प्रश्न आहे. पहिल्या पायरीत आकाश, कांदळवन, पाणी आणि चिखल यांचे मोठे पट्टे एकमेकांशी बरोबर प्रमाणात बसले आहेत का, एवढेच विचारायचे. दुसरीत गडद-उजळपणाचा क्रम बरोबर आहे का. तिसरीत रंग. चौथीत कडा, म्हणजे कुठे रेघ स्पष्ट आणि कुठे विरघळलेली. पक्षी, पायांच्या रेषा, पाण्यातली प्रतिबिंबे हे सगळे अगदी शेवटी, मूर्तीच्या डोळ्यांसारखे. तुम्ही लिहिले आहे की चित्रात "जीव नाही". ताई, या पायरीला तो असण्याची अपेक्षाच चुकीची आहे. पट्टे बसवण्याच्या पायरीत "जीव आहे का" असे विचारले, तर उत्तर कायम नाही असेच येईल, आणि दर आठवड्याला तेच उत्तर ऐकणाऱ्या माणसाचा धीर खचला तर नवल नाही. मी ईझलच्या, म्हणजे कॅनव्हास ठेवायच्या घोडीच्या, वरच्या पट्टीवर एक कागद चिकटवते आणि त्यावर सध्याच्या पायरीचा एकच प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. चादर काढल्यावर नजर आधी त्या कागदावर जावी, हा हेतू. मग चित्राकडे पाहायचे ते त्या प्रश्नासाठीच.

अजिंठ्याला विद्यार्थ्यांना घेऊन जाते तेव्हा मी २४ क्रमांकाच्या अपुऱ्या लेण्याजवळ नेहमी थांबते. पूर्ण झालेल्या लेण्यांत काम कसे झाले ते कळत नाही, कारण हत्याराच्या खुणा पुसून टाकलेल्या असतात. अपुऱ्या लेण्यात ते कळते. आधी खोल चर खोदायचे, मग त्यांच्या मधला खडक फोडून काढायचा, आणि बारीक कोरीवकाम त्यानंतर. ज्या अवस्थेत खडकात नुसते चर होते, त्या अवस्थेतही समोरचे काम बरोबर की चूक हे त्या कारागिरांना कळत होते, कारण चराची खोली आणि सरळपणा मोजता येतो.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. प्रत्येक निराशा चुकीची नसते. कधी कधी मन खट्टू होते, कारण चित्रात खरोखर काहीतरी बिघडलेले असते आणि डोळ्यांना ते कळलेले असते, पण शब्द सापडलेले नसतात. कळव्याच्या त्याच चित्रात तेल लावल्यावर रंग परत आले, तरी महिन्याभराने मी पुन्हा अडकले. या वेळी कारण वेगळे होते. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल केल्यावर लक्षात आले, की माझे कांदळवन आणि माझा पुढचा चिखल हे दोन्ही अगदी सारख्याच गडदपणाचे होते. एक हिरवे आणि एक तपकिरी असल्यामुळे रंगीत चित्रात ते लपले होते, पण राखाडीत दोन्ही एकाच पत्र्यासारखे चिकटून दिसत होते. खोली नव्हती. मी तीन महिने "मला खाडी रंगवता येत नाही" असे म्हणत होते, आणि दोष एवढाच होता की मागचे कांदळवन दोन छटा उजळ हवे होते. ते दुरुस्त करायला दोन बैठका पुरल्या. दोषाला नाव मिळाले की ते काम होते. नाव मिळेपर्यंत तो आपल्या स्वभावाचा भाग वाटत राहतो.

म्हणून महिन्यातून एकदा, ठरवून, दोष शोधण्याची बैठक घ्या आणि त्या दिवशी ब्रशला हात लावू नका. कृष्णधवल फोटो काढा. चित्र आरशात पाहा. आरशात उलटे झालेले चित्र डोळ्यांना नवे वाटते आणि कललेली क्षितिजरेषा किंवा एका बाजूला लोंबणारी रचना तत्काळ कळते. ही युक्ती फार जुनी आहे, लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत ती सांगून ठेवली आहे. नंतर कॅनव्हास उलटा ठेवून लांबून पाहा. जे सापडेल ते वहीत लिहा, तीनपेक्षा जास्त दोष लिहू नका, आणि पुढचे चार आठवडे त्याच वहीच्या आधाराने काम करा. इतर दिवशी दोष शोधायला मनाई. दररोज परीक्षक होऊन चित्रासमोर गेलात तर चित्रकाराला उभे राहायला जागा उरत नाही, हे मी माझ्या अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे, आणि त्यांतले बहुतेक जण फार हुशार होते.

या शोधाच्या बैठकीतच जमलेल्या एका तरी भागावर बोट ठेवण्याचा नियमही पाळा. फ्रेंच चित्रकार पॉल सेझानने १८९९ मध्ये आंब्रोआज व्होलार या चित्रविक्रेत्याचे व्यक्तिचित्र करायला घेतले. व्होलारच्या सांगण्यानुसार तब्बल ११५ बैठका झाल्या आणि तरीही सेझानने काम तिथेच सोडले. सोडताना तो एवढेच म्हणाला, की शर्टाच्या पुढच्या भागाबद्दल आपण असमाधानी नाही. हातावर दोन छोट्या जागा कोऱ्या राहिल्या होत्या, आणि तिथे अंदाजाने काहीतरी लावले तर सगळे चित्र पुन्हा करावे लागेल, असे त्याचे म्हणणे होते. ही गोष्ट मला धीर देते ती त्याच्या चिकाटीमुळे तर खरीच, पण त्याहून अधिक त्याच्या नेमकेपणामुळे. सगळे चित्र वाईट किंवा सगळे चित्र चांगले, असे तो बोलत नाही. शर्टाचा पुढचा भाग जमला आहे, हातावरच्या दोन जागा जमलेल्या नाहीत. तुमच्या खाडीतही असा शर्टाचा भाग कुठेतरी असेलच. तो शोधा, वहीत लिहा आणि तिथे यापुढे हात लावू नका.

आता थांबण्याबद्दल लिहिते, कारण माझ्या स्वतःच्या कामात सर्वांत मोठा फरक यामुळे पडला. पूर्वी मी थकेपर्यंत रंगवत असे, म्हणजे जिथे अडेल तिथे थांबत असे. साहजिकच पुढच्या वेळी चादर काढली की नेमकी तीच अडलेली जागा पहिल्यांदा समोर येई. आता मी पंधरा मिनिटे आधी, पुढची कृती स्पष्ट दिसत असतानाच थांबते. उरलेल्या वेळात वहीत तारीख घालून एक वाक्य लिहिते: "उजव्या कोपऱ्यातल्या पाण्यात आकाशाचाच राखाडी, थोडा गडद करून, मोठ्या फ्लॅट ब्रशने." रंग कोणते मिसळले तेही लिहिते आणि मिसळलेल्या रंगाचा एक ठिपका त्याच पानावर लावून ठेवते. आठवड्याने वही उघडली की विचार करावा लागत नाही. हात लगेच कामाला लागतो. तुमच्यासारख्या आठवड्यातून एकदाच मोकळी सकाळ मिळणाऱ्या माणसाला याची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे, कारण मधल्या सहा दिवसांत ऑफिसने डोके पूर्ण भरलेले असते.

त्याच वहीमुळे दुसरी एक सोय होते. दर बैठकीनंतर त्याच जागेवरून, त्याच उजेडात चित्राचा फोटो काढा. रोज पाहणाऱ्याला चित्र हलताना दिसत नाही, पण जानेवारीचा आणि जुलैचा फोटो शेजारी ठेवलात तर तुम्ही किती वाट चालून आला आहात ते दिसेल.

घरच्यांच्या प्रश्नाबद्दल मला सहानुभूती आहे. "झालं का?" असे विचारणाऱ्या माणसाला बहुधा आस्था दाखवायची असते आणि दुसरा कोणता प्रश्न विचारावा हे त्याला माहीत नसते. तो त्यांना तुम्हीच द्या. "अजून नाही" असे म्हणण्याऐवजी "पाण्याचा भाग झाला, आता कांदळवन चाललं आहे" असे सांगून पाहा. माझ्या सासूबाई काही महिन्यांत "मागची झाडं उजळ झाली का?" असे विचारू लागल्या होत्या, आणि त्या वयात त्यांना चित्रातल्या खोलीची समज आली याचा मला आजही आनंद वाटतो. मात्र चित्र कोणाला केव्हा दाखवायचे हे तुम्ही ठरवा. अर्धवट काम दाखवून कौतुक मिळवले, तर कधी कधी काम संपल्यासारखे वाटते आणि मागे लागलेली ओढच जाते. आणि नको त्या वेळी आलेला शेरा महिनाभर कानात राहतो. मी पहिल्या दोन पायऱ्या होईपर्यंत एका जुन्या सहाध्यायिनीशिवाय कोणालाही दाखवत नाही, आणि तिलाही "काय वाटतं?" असे विचारत नाही, "मागचं मागे जातं आहे का?" असे विचारते.

मोठ्या चित्राबरोबर एक लहान काम चालू ठेवा, हा सल्ला सगळे देतात आणि तो योग्यच आहे. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एका बैठकीत संपणारे जलरंगातले काहीही करा. काहीतरी पूर्ण करण्याची मनाची भूक त्याने भागते. मात्र ते चित्र मोठ्या चित्राच्या वेळेतून करू नका, नाहीतर सहा महिन्यांनी साठ पोस्टकार्डे होतील आणि खाडी तशीच राहील.

शेवटी पावसाळ्याचा आणि खाडीचा प्रश्न उरतो. आपल्याकडच्या दमट हवेत तैलरंग नेहमीपेक्षा सावकाश वाळतात. अंबर लवकर वाळतो, टिटॅनियम व्हाइट आणि कॅडमियमचे रंग रेंगाळतात. म्हणून पुढचे दोन-तीन महिने चिखल, मुळे आणि सावल्या यांवर काम करा आणि पांढऱ्याचा भरणा असलेले आकाश व पक्षी पाऊस सरल्यावर हाती घ्या. आतल्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त हा नियम सांभाळा, म्हणजे पुढे तडे जाणार नाहीत. कॅनव्हास बाहेरच्या भिंतीला टेकवू नका; ओल धरली की मागच्या बाजूने बुरशी येते.

तुम्ही लिहिले आहे की दर रविवारी काठावर गेल्यावर दृश्य वेगळेच दिसायचे आणि त्यामुळे गोंधळ वाढला. त्याचे कारण तुमच्या नजरेत नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एका रविवारी सकाळी आठला ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी त्याच वेळी पाणी जवळजवळ पूर्ण भरलेले असते, आणि तुमचा चिखल पाण्याखाली असतो. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र ओहोटी पुन्हा जवळपास त्याच वेळेला येते. मुंबईच्या किनाऱ्यावरचे कोळी यासाठी तिथीचा हिशेब करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. द्वितीयेला रात्री दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी पावणेआठच्या आसपास ओहोटी. खाडीत आत यायला पाण्याला थोडा वेळ लागतो तेवढा धरून चालायचा. तेव्हा या महिन्यांत कॅनव्हासवर पक्ष्यांसाठी फक्त जागा राखून ठेवा. नोव्हेंबरच्या सुमारास ते परतू लागतील. दिनदर्शिकेत द्वितीया-तृतीयेच्या जवळ येणारा रविवार शोधून खूण करा, त्या सकाळी फक्त वही, पेन्सिल आणि जलरंगाची छोटी पेटी घेऊन काठावर जा आणि कॅनव्हास घरीच ठेवा.